जुन्या टीव्ही गेममधून ग्लिच चित्रं : ठाणे-नवी मुंबईच्या नवशिक्यांसाठी

माळ्यावर पडलेला टीव्ही गेमचा डबा, पिवळ्या पिनेची एव्ही केबल आणि चालू अवस्थेतला, मागे फुगीर पाठीचा (पिक्चर ट्यूबचा) जुना टीव्ही एवढं हाताशी असेल, तर फुटकी, सरकलेली, रंग उडालेली, म्हणजेच ‘ग्लिच’ चित्रं काढायला आजच सुरुवात करता येईल. याला सर्किट बेंडिंग म्हणतात. कमी व्होल्टेजवर चालणाऱ्या जुन्या उपकरणातले, एरवी कधी जोडू नयेत असे दोन बिंदू मुद्दाम जोडायचे आणि काय होतं ते बघायचं. अमेरिकेत सिनसिनाटीला राहणाऱ्या रीड गझाला यांच्या टेबलाच्या खणात एक उघडा अ‍ॅम्प्लिफायर धातूला टेकला आणि चित्रविचित्र आवाज काढू लागला. ही १९६० च्या दशकातली गोष्ट. ‘सर्किट बेंडिंग’ हे नाव मात्र त्यांनी १९९२ मध्ये दिलं.

या विषयावर जी माहिती सापडते ती बहुतेक आवाजाची, आणि आपल्याकडे सहसा न मिळणाऱ्या बोलक्या खेळण्यांची. ती वाचून लोक लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात भलत्याच वस्तू शोधत फिरतात. आपल्याकडे मुबलक आहेत ते कार्ट्रिजवाले (गेमची कॅसेट घालायचे) आठ-बिट टीव्ही गेम, आणि चित्रासाठी त्यांच्यासारखी दुसरी वस्तू नाही. कुठली तार कशासाठी आहे ते त्यांत आधीच माहीत असतं, त्यामुळे आवडलेलं ग्लिच दुसऱ्या दिवशी पुन्हा काढता येतं. नुसत्या तारा टोचत बसलात तर नशिबाने चांगलं चित्र मिळेल, पण ते परत मिळणार नाही.

१. वस्तू निवडा

कार्ट्रिज घालायची खाच असलेला डबाच घ्या. हल्ली मिळणाऱ्या, गेम आतच भरलेल्या बऱ्याच डब्यांत प्रोग्रॅम आणि चित्रं एकाच वाटेने जातात. तिथे काहीही जोडलं की गेमच अडकतो. जुन्या पद्धतीच्या डब्यात चित्रांची वाट वेगळी असते, म्हणून चित्र विस्कटलं तरी गेम आपला चालू राहतो. आपल्याला नेमकं हेच हवंय.

टीव्ही पिक्चर ट्यूबचा घ्या, आणि त्याला कंपनीने बसवलेलं एव्ही सॉकेट हवं. एलसीडी टीव्हीला सिग्नल जरा डळमळला की तो ‘नो सिग्नल’ लिहून निळा पडदा टाकतो. ट्यूबचा टीव्ही बिचारा शेवटपर्यंत चित्र लावायची धडपड करत राहतो.

सुरुवातीला डिजिटल कॅमेऱ्याच्या वाटेला जाऊ नका. त्यातून सुंदर चित्रं निघतात हे खरं, पण फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात आणि बॅटरी काढली तरी ते लगेच जात नाहीत.

२. कुठे मिळेल

आधी घरचा माळा, मग मावशीचा, मग सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज. खरंच, जुना टीव्ही न्यायला कुणी तयार झालं तर लोक वर चहा पाजतात.

नाहीच मिळालं तर नेहमीच्या भंगारवाल्याला सांगून ठेवा. तो किलोवर घेतो आणि नगावर विकतो, त्यामुळे भाव करायला लाजू नका. टीव्ही दुरुस्तीच्या जुन्या दुकानांत चालू ट्यूबचे टीव्ही कोपऱ्यात पडलेले असतात. तिथे घेतलात तर एव्हीवर चित्र येतं का ते दुकानातच लावून बघा. नुसता ‘चालू आहे काका’ हा शब्द पुरत नाही.

सुटे भाग लॅमिंग्टन रोडला मिळतात. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं नाव दिसेल. ठाण्याहून दादर, तिथून वेस्टर्नची स्लो पकडून ग्रँट रोड, आणि पूर्वेला उतरून चालत. वाशी-नेरूळकरांनी हार्बरने कुर्ला आणि तिथून दादर गाठावं. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. यादी कागदावर लिहून न्या. काउंटरवर गर्दी असते आणि ‘भैया, वो छोटावाला’ म्हटलं की त्याला दहा प्रकारचे छोटेवाले माहीत असतात.

३. हत्यारं आणि सामान

- प्लसचा छोटा स्क्रूड्रायव्हर
- मल्टिमीटर, ‘बीप’ करणारा. दोन-तीनशे रुपयांचा साधा चालतो
- २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, स्टँड, ६०/४० सोल्डर वायर, फ्लक्स
- मगर क्लिप लावलेल्या वायरी, निदान दहा
- रेझिस्टर : १०० ओम, ४७० ओम आणि १ के, प्रत्येकी दहा; २२० ओम मात्र पंचवीस, पक्क्या जोडणीला २१ लागतात
- १ के चा लिनिअर पोटेन्शिओमीटर, म्हणजे आपला व्हॉल्यूमचा ‘पॉट’
- आरसीए सॉकेट (एव्ही केबलची पिन बसते ते), तीन
- रिबन केबल एक मीटर, फीमेल बर्ग स्ट्रिप (जंपरची पिन घालायची भोकांची पट्टी), जंपर वायरी
- पेन्सिल सेल आणि त्यांचा होल्डर
- वही आणि पेन

६०/४० सोल्डरमध्ये शिसं असतं. काम झाल्यावर हात साबणाने धुवा आणि जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग करू नका. खिडकी उघडी ठेवा, पण पंखा थेट आयर्नवर नको, टोक गार पडतं.

४. विजेचं आधी

हा भाग वगळून पुढे जाऊ नका.

जे भिंतीतल्या प्लगवर चालतं ते उघडायचं नाही. टीव्ही तर नाहीच. पिक्चर ट्यूबवर २० हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही ट्यूब तो धरून ठेवू शकते. डीव्हीडी प्लेअर दिसायला गरीब, पण त्याच्या आतल्या पॉवर सप्लायमध्ये २३० व्होल्टचे एकदिश होऊन सुमारे ३२५ होतात. जुन्या टीव्हीला एव्ही सॉकेट नसेल तर ‘आपणच बसवू’ हा विचार सोडा. त्यातल्या काहींच्या चासीतच (आतल्या धातूच्या सांगाड्यात) लाइव्ह करंट असतो.

गेमचा डबा सेलवर चालवा. तळाच्या स्टिकरवर ९ व्होल्ट लिहिलं असेल तर सहा पेन्सिल सेल. ५ व्होल्ट असेल तर चार रिचार्जेबल, त्यांचे ४.८ होतात. प्लस आत की बाहेर, हे त्याच स्टिकरवरच्या चित्रात बघा. अशा बऱ्याच डब्यांत आतली पिन मायनस असते आणि उलटं जोडलं तर डबा कायमचा जाऊ शकतो.

पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी बसून एव्हीच्या उघड्या टोकांना हात लावू नका. दोन पिनांच्या प्लगवर चालणाऱ्या डीव्हीडी प्लेअरच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, त्या अशा वेळी जास्त जाणवतात. पायात चप्पल आणि खाली कोरडी चटई असू द्या.

५. डबा न उघडता पहिलं ग्लिच

यासाठी व्हिडिओचे दोन स्रोत लागतात : गेम आणि कुठलाही जुना डीव्हीडी प्लेअर. पॉटला तीन पाय असतात. एका टोकाच्या पायाला गेमच्या पिवळ्या सॉकेटची मधली तार, दुसऱ्या टोकाला डीव्हीडीची, मधल्या पायाला टीव्हीकडे जाणारी. तिन्ही सॉकेटच्या बाहेरच्या कड्या एकमेकींना जोडा. झालं.

पॉट एका टोकाला असताना गेम दिसेल, दुसऱ्या टोकाला सिनेमा. गंमत मध्ये आहे. टीव्ही सिग्नलच्या आपल्याकडच्या पाल (PAL) पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं आणि प्रत्येक चित्रात ६२५ ओळी. प्रत्येक ओळ कुठे सुरू करायची हे टीव्हीला सांगणारा छोटा ठोका, म्हणजे सिंक, त्याच तारेतून येतो. एका व्होल्टच्या सिग्नलपैकी सुमारे ०.७ व्होल्ट चित्राचे आणि ०.३ व्होल्ट सिंकचे. पॉट मधोमध आला की दोन्ही सिग्नल कमजोर होतात आणि टीव्हीला दोन सिंक एकदम ऐकू येतात. मग तो ओळी कधी याच्या तालावर लावतो, कधी त्याच्या. चित्र तिरकं फाटतं, वर सरकतं, रंग अधूनमधून गळतात. पॉट केसभर फिरवला तरी फरक पडतो, म्हणून त्याला मोठी नॉब लावा. चित्र फार काळपट वाटलं तर ५०० ओमचा पॉट वापरून बघा.

एक पोटसूचना. टीव्हीच्या काचेवर लोहचुंबक धरलं तरी चित्र वाकतं. नाम जून पाइक यांनी १९६५ मध्ये टीव्हीवर चुंबक ठेवून त्याचीच कलाकृती केली होती. पण रंगीत ट्यूबवर केलंत तर हिरवे-जांभळे डाग मागे राहतात. टीव्ही थंड होऊ देऊन दोन-चारदा चालू-बंद केल्यावर हलके डाग जातात, गडद डागांसाठी चुंबकत्व उतरवणारी डीगॉसिंग कॉइल असलेला मेकॅनिक शोधावा लागतो. घरच्यांच्या मालिकेच्या टीव्हीवर हा प्रयोग नको.

६. डबा उघडा आणि साठ पिना ओळखा

सेल काढा, खालचे स्क्रू काढा. स्क्रू कुठला कुठे होता ते कागदावर टोचून ठेवलंत तर बरं. आत हिरवी किंवा पिवळट पीसीबी, म्हणजे सर्किटची पाटी, दिसेल, त्यावर डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा. मुख्य चिप त्याखाली असते, तिला हात लावता येत नाही आणि लावायचाही नाही. आपलं काम कार्ट्रिजच्या सॉकेटशी. पीसीबी उलटी केली की सॉकेटचे ६० ठिपके दिसतात, ३० च्या दोन ओळी.

इथे जवळजवळ प्रत्येक जण फसतो. पिनांची जी आकृती मिळते ती वरून काढलेली असते आणि आपण खालून बघत असतो, त्यामुळे डावं-उजवं उलटं होतं. डोक्यात आकृती फिरवत बसू नका, मीटरने कोपरे शोधा.

मीटर बीपवर लावा. एक टोक व्हिडिओ सॉकेटच्या बाहेरच्या कडीला, म्हणजे ग्राउंडला. दुसरं टोक एकेका कोपऱ्यावर टेकवा. जो सलग वाजतो तो १. क्षणभर वाजून थांबला तर तो कपॅसिटर भरतोय, तो धरू नका. १ च्या बरोबर समोर, दुसऱ्या ओळीत, ३१. ३१ च्या तिरक्या कोपऱ्यात ३०. हे दोन्ही ५ व्होल्टचे, म्हणून ३० आणि ३१ एकमेकांशी वाजले पाहिजेत. उरलेला कोपरा ६०. खात्रीसाठी १ च्या ओळीतला सोळावा ठिपका मोजा, तोही ग्राउंडशी वाजतो. हे सगळं जुळलं तरच पुढे जा. जुळलं नाही तर डबा वेगळ्या बांधणीचा आहे, दुसरा घ्या.

१, १६, ३० आणि ३१ वर लगेच लाल मार्करने खूण करा. यांना पुढे कधीच काही जोडायचं नाही. १ आणि ३१ समोरासमोर आहेत हे विशेष लक्षात ठेवा. तिथे सोल्डरचा थेंब सांडला तर सरळ शॉर्ट.

७. पहिला जोड

पडद्यावरचं प्रत्येक चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटींचं बनलेलं असतं. एका चौकटीला १६ बाइट लागतात : आठ बाइटचा एक थर, त्यावर आठचा दुसरा. दोन्ही मिळून प्रत्येक ठिपक्याची चारांपैकी एक छटा ठरते. हे बाइट कार्ट्रिजमधून आणायला पत्त्याच्या तारा (ए० ते ए१२) आणि मजकुराच्या, म्हणजे डेटाच्या, तारा (डी० ते डी७) असतात. एवढं समजलं की पिनांची यादी आपोआप अर्थाची होते :

- ५४ आणि ५५ : ए११, ए१२. कुठल्या गठ्ठ्यातली चौकट उचलायची हे ठरवतात
- ५० ते ५३ : ए७ ते ए१०, आणि १९ ते २१ : ए६, ए५, ए४. गठ्ठ्यातली नेमकी चौकट
- २२ : ए३. दोन थरांपैकी कुठला
- २३, २४, २५ : ए२, ए१, ए०. चौकटीतली आडवी ओळ
- २६ ते २९ : डी० ते डी३, आणि ५७ ते ६० : डी७ ते डी४. ओळीतले ठिपके

२ ते १५ आणि ३२ ते ४४ या प्रोसेसरकडच्या पिना. तिथे टोचलंत तर चित्र बिघडत नाही, गेमच गोठतो.

पहिला जोड ५४-५५ चा द्या. या दोन पिना शेजारी आहेत आणि पडद्यावर कुठे काय बसवायचं त्या यादीला त्या सहसा धक्का लावत नाहीत. त्यामुळे मांडणी जागच्या जागी राहते आणि फक्त चौकटी बदलतात : आकाशाच्या जागी विटा, अक्षरांच्या जागी कुणाचे तरी हातपाय. डबा चालू करा, गेम सुरू होऊ द्या, मगच मगर क्लिपमध्ये रेझिस्टर धरून टेकवा. १ के ने काहीच झालं नाही तर ४७०, मग २२०, मग १००. नुसती तार लावायची घाई करू नका. दोन तारा एकमेकींना विरुद्ध दिशेने ओढत असतात, मधला रेझिस्टर चिपवरचा ताण कमी करतो.

मग ए३ ला शेजारच्या ए२ शी (२२-२३) जोडून बघा. थरांची सरमिसळ झाल्याने छटा बिघडतात, शिवाय चौकटीतल्या काही ओळी दुसऱ्याच ओळींच्या जागी येतात. डेटाच्या जोडीत, समजा २८-२९, चौकटीतले उभे स्तंभ बिघडतात आणि पडदाभर बारीक दोऱ्यांसारखे पट्टे येतात. पण स्वच्छ पट्ट्यांची अपेक्षा धरू नका. चौकटींची यादीही याच तारांवरून येते, म्हणून पट्ट्यांबरोबर चौकटीही घर सोडून भटकायला लागतात. मला स्वतःला डेटापेक्षा पत्त्याचे जोड आवडतात. डेटावर सगळेच गेम थोड्या वेळाने सारखे दिसायला लागतात.

गेमही जपून निवडा. एकाच जागी चालणाऱ्या गेमपेक्षा ज्यात पडदा सरकत जातो तो घ्या, दर पावलाला नवीन चित्र मिळतं. काही गेम चित्रं आधी रॅममध्ये उतरवून घेतात. अशा गेममध्ये पडदा बदलत असताना जोड दिलात तर बिघाड रॅममध्येच लिहिला जातो आणि जोड काढल्यावरही टिकतो. एकदा हे समजलं की ते हत्यारासारखं वापरता येतं : अर्धा सेकंद टेकवा, काढा, आणि विस्कटलेल्या जगात शांतपणे गेम खेळत फिरा.

प्रत्येक जोडाची नोंद वहीत करा. गेम, पडदा, पिना, रेझिस्टर, सुरू असताना दिला की आधी. ‘छान निळं आलं’ अशी नोंद आठवड्याने काही सांगत नाही.

८. पक्की जोडणी

रोज मगर क्लिप लावणं हे काम नव्हे, त्या निसटून भलत्या ठिपक्याला लागतात. वरच्या यादीतल्या २१ पिनांना रिबन केबलची एकेक तार सोल्डर करा आणि दुसरं टोक डब्याबाहेर बर्ग स्ट्रिपवर आणा. प्रत्येक तारेत २२० ओमचा रेझिस्टर कायमचा घाला. मग जंपर वायरने कुठलीही पिन कुठल्याही पिनेला जोडता येते.

ठिपके एकमेकांपासून २.५४ मिलिमीटरवर असतात, त्यामुळे आधी तारेला सोल्डर चढवा, मग ठिपक्याला आयर्न दोन सेकंद टेकवून तार बसवा आणि सोडा. जास्त वेळ तापवलं तर स्वस्त पीसीबीवरचा तांब्याचा पट्टा उचलला जातो. सगळं झाल्यावर, सेल घालायच्या आधी, प्रत्येक ठिपका त्याच्या दोन्ही शेजारच्या ठिपक्यांशी वाजतो का ते मीटरने तपासा. कंटाळवाणं आहे, करा.

रिबन अर्ध्या फुटापेक्षा लांब ठेवू नका. लांब तारांमुळे काहीही न जोडता चित्र थरथरतं, आणि दोष कुठे आहे ते कळत नाही.

उघड्या वायरी लोंबणारा हा डबा पिशवीत टाकून लोकलने मित्राकडे नेणार असाल तर जरा थांबा. नीट झाकण लावा, सेल काढून वेगळे ठेवा, पारदर्शक पिशवीत न्या. स्टेशनवर बॅग तपासणाऱ्या शिपायाला ‘ग्लिच आर्ट’ समजावून सांगताना गाडी हमखास सुटते.

९. चित्र टिपा

एव्हीवरून कॉम्प्युटरमध्ये घेणारे स्वस्त यूएसबी कॅप्चर मिळतात. साध्या जोडांसाठी ते ठीक. पण पाचव्या पायरीतल्या सिंकच्या भांडणात ते सिग्नल सोडून देतात आणि नेमकं हवं ते चित्र काळं येतं. तिथे सरळ टीव्हीचा फोटो काढा.

फोन स्टँडवर, खोलीत अंधार, फ्लॅश बंद. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० ठेवा. पाल टीव्ही सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवतो, त्याहून वेगवान शटरला अर्धाच पडदा उजळलेला दिसतो आणि काळे पट्टे येतात. तरीही पट्टा सरकत असेल तर १/२५ करा. काही डबे ६० च्या वेगाने चालतात, त्यांना १/६०. फोकस हाताने लावा, नाहीतर फोन काचेतल्या तुमच्याच प्रतिबिंबावर फोकस करतो. समोर काळा शर्ट घालून बसलात तर तेही दिसणार नाही.

पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका. बारीक चौकटी दाबल्या जाऊन पुसट होतात आणि तुमचं ग्लिच कुठलं, अ‍ॅपचं कुठलं ते कळेनासं होतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

१०. डबा मेला तर

मरतोच कधीतरी. आधी सेल बदला, मग सगळ्या जंपर काढून बघा, मग कार्ट्रिजचे पाय खोडरबराने घासा. खाडीकाठच्या दमट हवेत ते काळे पडतात आणि निम्मे ‘मेलेले’ डबे एवढ्यानेच उठून बसतात. पडदा सलग एकाच रंगाचा राहिला आणि मधला गोळा चटका बसेल इतका तापत असेल तर चिप गेली.

अशा डब्यातून एव्ही सॉकेट, स्विच आणि ६० पिनांचा सॉकेट काढून ठेवा. तो सॉकेट सुटा शोधायला गेलात तर पटकन मिळत नाही. उरलेली पीसीबी घंटागाडीच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यानुसार हा माल नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हवा. एका पीसीबीसाठी कुणी घरी येत नाही, म्हणून एका खोक्यात साठवत जा आणि सोसायटीत ई-कचरा गोळा करायला गाडी येते तेव्हा द्या. त्या दिवशी खाली जरा लवकर जा. शेजाऱ्यांनी काय काय टाकायला आणलंय ते गाडीत चढायच्या आधी बघता येतं.